पुरावा माझा, ताबा तिचा

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी मेहकरच्या पतसंस्थेने बचत गटांच्या सचिवांना वाटली होती. जानेवारीची पानं गटाच्या सभांनी भरली. आजपासून इथे माझं स्वतःचं लिहिणार. कोणाला वाचून दाखवायचं नसल्यामुळे भांडणं झाली तरी 'सर्वानुमते ठरले' असं लिहायची सक्ती नाही.

सकाळी ट्रॅव्हल्समधून घाटकोपरला उतरले, तिथून मेट्रोने साकीनाका. माझा नवरा, कुंडलिक, ज्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे तिथे आता मोबाइलच्या काचा बदलतात. मैत्रीनगरच्या टेकडीच्या पायऱ्या मात्र त्याच. एकेकाळी या पायऱ्या मी डोक्यावर हंडा घेऊन चढत होते. आज एका पिशवीला दोनदा खाली बसले. सहा वर्षं गावी, शेलगावच्या सपाट जमिनीवर चालून गुडघे आळशी झालेत.

आले ते दशरथभाऊंच्या फोनमुळे. ते वस्तीच्या कमिटीचे सचिव, आणि कुंडलिकच्या शेजारच्या लेथवर वीस वर्षं होते. म्हणाले, "वहिनी, आपल्या इथे बिल्डिंग होतेय. सर्वे लागलाय. टीम येईल तेव्हा दारात उभ्या असाल तर घर. नसाल तर वाट लागली समजा."

कुंडलिक गेले आणि वर्षभरात लॉकडाऊन लागला, तेव्हा लेकीला, दीप्तीला, घेऊन मी गावी गेले ती तिथेच राहिले. खोली भाड्याने दिली, रतन खरात आणि त्याची बायको सुगंधा यांना. कागद नाही, काही नाही, तोंडी. रतन कचऱ्याच्या गाडीवर आहे, देवनारला खाली करायला जाते ती गाडी. त्यांना सात वर्षांची मुलगी आहे, क्षमा. पाच वर्षं झाली त्यांना इथे.

दार सुगंधाने उघडलं. "या ना ताई," म्हणाली. माझ्याच घरात मला 'या' म्हणाली, आणि मी मूर्खासारखी चपला बाहेर काढून "येते हं" म्हणून आत गेले.

४ फेब्रुवारी, बुधवार

दशरथभाऊंनी नीट समजावून सांगितलं. घर मिळायला दोन गोष्टी लागतात. एक, जुना पुरावा. तो माझ्याकडे आहे: अठ्ठ्याण्णव सालचं रेशन कार्ड, जुन्या मतदार यादीतलं नाव, कुंडलिकच्या नावाचं वीज बिल. दुसरी, आजचा ताबा. म्हणजे आज आत कोण राहतं.

"ताबा तर सुगंधाचा आहे," मी म्हटलं.

"तेच बोलतोय ना मी. नुसते कागद घेऊन काय चाटायचेत? टीम येईपर्यंत तुम्ही खाली राहा. त्या लोकांना पोटमाळ्यावर चढवा. टीम आली की त्यांना बाजूला काढू."

"आणि तिने सांगितलं की आम्ही भाड्याने राहतो, तर?"

"तर खेळ खल्लास. तुमची अपात्र. तिला पण काही मिळत नाही, तिच्याकडे जुना पुरावा नाही. दोघींचं पण गेलं."

म्हणजे माझं घर तिच्या तोंडात आहे. तिला काही मिळणार नसताना ती तोंड बंद का ठेवेल, हे मला कळत नाही. मला जे कळत नाही त्याची मला भीती वाटते.

दीप्तीला नर्सिंगला मुंबईतच यायचं आहे. जूनमध्ये. या खोलीशिवाय मला इथे उभं राहायला फूटभर जागा नाही. हे मी रोज स्वतःला सांगणार आहे, म्हणजे मन पाघळणार नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

राहण्याचं नाटक सुरू झालं. कुंडलिकचा फोटो भिंतीवर लावला. सुगंधाचं कॅलेंडर होतं तिथेच खिळा होता, ते तिनेच काढलं आणि फोटोची काच पदराने पुसली. माझ्या साड्या बाहेरच्या दोरीवर, तिच्या आत माळ्यावर. सकाळी नळावर मी उभं राहायचं, चार बायकांनी बघितलं पाहिजे. शेजारच्या मथुराकाकू मला बघून रडल्या. नंतर विचारलं, "किती दिवस आहेस?" मी म्हटलं, "काकू, मी इथेच राहते." त्या क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हो गं बाई, इथेच राहतेस तू." कमिटीने सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

सुगंधाचा एक स्वभाव मला डाचायला लागलाय. दिवसभर मला माझीच वस्ती शिकवते. "ताई, पाणी आता सहाला नाही, पावणेपाचला येतं. चाळीस मिनिटं. शनिवारी बारीक धार असते." "ताई, कोपऱ्यावरची चक्की बंद झाली, आता दळण खाली न्यावं लागतं." "ताई, मागच्या गल्लीचा संडास कमिटीने पाडून नवीन बांधला, दोन वर्षं झाली." वर पुन्हा संध्याकाळी विचारते, "सांगा बरं, पाणी किती वाजता?" जसं काही मी क्षमाच्या वर्गात आहे.

ती मला हेच दाखवते आहे की इथली खरी राहणारी ती आहे. मी पण काही कमी नाही, सगळं ऐकून घेते आणि बिनचूक उत्तर देते.

८ फेब्रुवारी, रविवार

एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. दशरथभाऊंनाही नाही. इथे लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

माझं नाव मुंबईच्या मतदार यादीत राहिलेलं नाही. गावी ग्रामपंचायत लागली तेव्हा राखीव जागेवर माझी मोठी जाऊ द्रौपदीबाई उभी होती. घरातली सगळी मतं मोजून झाली तरी कमी पडत होती. दीर म्हणाले, "संघमित्रा, तू आता इथलीच. नाव इकडे घे." मी घेतलं. द्रौपदीबाई चार मतांनी निवडून आली, त्यातलं एक माझं. गुलाल लागला तेव्हा मी मनापासून नाचले होते. शेलगावची झाले म्हणून मला बरंच वाटलं होतं, हेही खरं.

आता इथे म्हणायचं आहे की मी मैत्रीनगर सोडून कुठे गेलेच नाही. जुनं मुंबईचं ओळखपत्र आहे, तेच दाखवीन. पण मागच्या मतदानाची गावची चिठ्ठी, नाव, यादी क्रमांक, शेलगाव, सगळं छापलेलं, ती कागदांच्या पिशवीत चुकून आली आहे. काल हाताला लागली. फाडणार होते, तेवढ्यात सुगंधा पाणी घेऊन आत आली म्हणून रेशन कार्डाच्या कव्हरात घुसवली. उद्या सवडीने जाळीन.

मंगळवारपासून दीप्तीची बारावी. पहिला पेपर इंग्रजी. ती फोनवर म्हणाली, "आई, तू घराचं बघ, माझं मी बघते." द्रौपदीबाई तिला रोज अंडं उकडून देते म्हणे.

११ फेब्रुवारी, बुधवार

सुगंधाने आज भाकरी थापता थापता विचारलं, "ताई, तुमच्या गावाला मतदान कधी असतं हो?"

मी पातेलं घासतच राहिले. "मला काय माहीत? मी इथली," म्हटलं.

"हां, ते पण खरं," म्हणाली आणि भाकरी उलटली.

सहज विचारलं असेल. पण सहज कोण असलं विचारतं?

संध्याकाळी रतन कामावरून आला. माळ्यावर दोघं कुजबुजत होते. माळ्याला फळ्या आहेत, त्यातून अर्धं ऐकू येतं. रतन म्हणाला, "सांगून टाक ना तिला. तू कशाला डोक्यावर घेतेस?" सुगंधा म्हणाली, "थांबा जरा. वेळ बघून सांगते."

कोणाला सांगणार? काय सांगणार? 'तिला' म्हणजे कोण? टीममध्ये कागद बघणारी एक बाई आहे असं मथुराकाकू म्हणत होत्या. तीच असेल.

क्षमाच्या शाळेच्या दाखल्यावर पत्ता याच खोलीचा आहे. आधार पण याच पत्त्यावर. मी आज त्यांचे सगळे कागद मनात मांडून बघितले. आमचं असं झालंय की मी त्यांचं मोजते आणि ते माझं. खरं तर त्यांना कधी मोजताना मी पाहिलं नाही, पण म्हणून काय झालं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चिठ्ठी गेली.

दशरथभाऊ दुपारी प्रत्येकाचे कागद तपासायला येणार होते. तीन माणसं कमिटीची बरोबर. मी बारा वाजता रेशन कार्ड काढलं, चिठ्ठी आधी काढून टाकावी म्हणून. कव्हर रिकामं. पिशवी उलटी केली, सतरंजी झटकली, माळ्याच्या शिडीखाली बघितलं. नाहीच.

तेवढ्यात दशरथभाऊ आले. त्यांनी रेशन कार्ड उघडलं, पान न् पान बघितलं, म्हणाले, "झकास. वहिनी, तुमची फाइल एक नंबर." कमिटीच्या माणसांनीही मान हलवली. मी हसले.

जाळायची जाळायची म्हणत सहा दिवस घालवले. गटाच्या बायकांना मी कामाचा आळस नको म्हणून भाषणं देते, आणि स्वतःचं हे.

सुगंधा चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाठ करून उभी होती. वळून बघितलंसुद्धा नाही. या खोलीत आम्ही दोघीच असतो. रतन बाहेर, क्षमा शाळेत. म्हणजे चिठ्ठी कोणी घेतली हे सांगायला पोलीस नकोत. तो एक कागद तिने टीमपुढे ठेवला की माझी सगळी फाइल रद्दी. 'वेळ बघून सांगते' म्हणाली होती ना, ती वेळ बघते आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परकराच्या आत पोटाला बांधते. आंघोळीला जातानाही बरोबर नेते. उठता बसता कागद वाजतात. क्षमाने आज विचारलं, "मावशी, तुमच्या पोटात पेपर आहे का?" सुगंधाने तिला गप्प केलं. तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

टीम आज येणार म्हणाले, आली नाही. तिसरा दिवस. रोज अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून दारात बसते. भाजी आणायला गेले तरी अर्ध्या वाटेतून पळत येते. रस्त्यावर कोणी हेल्मेट घालून वर येताना दिसला तरी उठून उभी राहते. काल तो पिझ्झावाला निघाला.

गावी या वेळी मी ओसरीत बसून शाळेचे गणवेश शिवत असते. तिथे कोणी मला 'तू इथे राहतेस का' असं विचारत नाही. खोटं कशाला बोलू, मला गावाची आठवण येते आहे. पण दीप्तीला तिथे काय आहे? लग्न आहे. बस.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

टीम खालच्या गल्ल्या संपवून चौथ्या गल्लीला आली. आमची सातवी. चौथ्या गल्लीत एक खोली अपात्र झाली. बाईला विचारलं पाणी किती वाजता येतं, तिने सहा सांगितलं. लहानपणापासून इथेच वाढलेली, पण राहते विरारला. साहेबाने हसत शेरा मारला, म्हणे.

मथुराकाकूंनी हे सांगितलं तेव्हा सुगंधाने माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली.

सोमवारी सातव्या गल्लीला येतील असं दशरथभाऊ म्हणतात. मंगळवारही होऊ शकतो. ती चिठ्ठी डोक्यातून जात नाही. एक उपाय सुचला आहे. सुगंधाने चिठ्ठी दाखवली तरी नाव परत इकडे घ्यायचा अर्ज माझ्या हातात शिक्क्यासकट असेल तर सांगता येईल, गावी चुकून गेलं होतं, आता दुरुस्त करते आहे. घाटकोपरला कार्यालय आहे, जाऊन यायला दीड तास.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

काल टीम आली नाही. दशरथभाऊ सकाळी म्हणाले, सहावी गल्लीच बाकी आहे, आपला नंबर तीननंतर. म्हणून मी साडेनऊला निघाले. सुगंधाला म्हटलं, बाजारात जाते. ती म्हणाली, "ताई, आज नका जाऊ ना. काय पाहिजे ते मी आणते." मला वाटलं, हिला माझ्यावर पाळत ठेवायची आहे. मी न बोलता उतरले.

कार्यालयात मोठी रांग. अकराला माझा नंबर आला तर खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, हे मोबाइलवरून भरा. इथे शिक्का बिक्का काही मिळत नाही." मी म्हटलं, पोच तरी द्या. तो म्हणाला, "कशाची पोच?"

तेव्हा फोन वाजला. सुगंधा. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. पोटाशी फाइल, समोर तो माणूस, आणि ही. तिसऱ्यांदा कापला आणि फोनचा आवाज बंद करून तो पर्समध्ये टाकला. खिडकीशी आणखी दहा मिनिटं हुज्जत घातली. बाहेर येऊन बघते तर सुगंधाचे अकरा कॉल आणि मथुराकाकूंचा एक मेसेज, त्यांच्या सुनेने टाइप केलेला: टीम तुमच्या दारात आहे कुठे आहात.

मेट्रोत उभं राहून मी दोनदा देवाला नाही, कुंडलिकला हाक मारली. साकीनाक्यापासून रिक्षा मिळाली ती टेकडीच्या पायथ्यापर्यंत. मग पायऱ्या. कशी चढले आठवत नाही. एक चप्पल वाटेत राहिली.

दारात साहेब, हातात टॅब. एक मुलगी मोबाइलवर शूटिंग करत होती. एक पोलीस. आणि उंबऱ्यात सुगंधा, दोन्ही हात चौकटीला लावून. नंतर मथुराकाकूंनी सांगितलं, पाऊण तास ती तशीच उभी होती. साहेब म्हणाला, 'बाई, बंद झोपडीचा शेरा मारतो.' ती म्हणाली, 'बंद कुठे आहे साहेब, मी उभी आहे ना. माझी जाऊ आहे ती, एकत्र राहतो, बाजारात गेलीय. तुम्ही पुढची चार घरं करून या, तोवर चहा टाकते.' साहेबाने चार घरं केली. परत आला तरी मी नाही. तिने पुन्हा चहा टाकला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त ती दारात उभी दिसली, आणि वाटलं, सांगितलं हिने.

"संघमित्रा गवई तुम्हीच? कुठे होता?"

"बाजारात," मी धापा टाकत म्हटलं.

पोटाची फाइल सगळ्यांसमोर ओढून काढली. रेशन कार्ड, जुनं ओळखपत्र, बिल. साहेबाने जुन्या यादीतलं नाव जुळवलं. मग म्हणाला, "पाणी किती वाजता येतं?"

"पावणेपाचला. चाळीस मिनिटं. शनिवारी बारीक धार."

"चक्की कुठली?"

"कोपऱ्यावरची बंद झाली. दळण खाली न्यावं लागतं."

त्याने मान हलवली. अंगठा घेतला, दुसऱ्या वेळी उमटला. दारात उभं करून शूटिंग केलं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात त्याने सुगंधाकडे बोट केलं. "आणि ह्या कोण तुमच्या?"

टॅबवर रकाना होता, कुटुंबातील इतर व्यक्ती. माझ्या डोक्यात एका क्षणात आलं, हिला कुटुंबात लिहिलं की रतन येईल, क्षमा येईल, आणि उद्या दीप्तीच्या घरावर तीन नावं जास्त. ती चिठ्ठी पण हिच्याचकडे.

"पाहुणी आहे," मी म्हटलं. "परवा आली."

साहेबाची भुवई वर गेली. "ह्या तर मला म्हणाल्या जाऊ आहे, एकत्र राहतो. त्यांच्या शब्दावर थांबलो मी पाऊण तास. खरं काय?"

शूटिंग चालूच होतं. मी सुगंधाकडे बघितलं. नळाच्या रांगेतली आपली कळशी उचलून मागे ठेवणाऱ्या बाईकडे बघावं, तशी ती माझ्याकडे बघत होती. मग ती साहेबाकडे वळली.

"जाऊच आहे साहेब, लांबच्या नात्यातली. पण परवाच आले. पाहुणीच म्हणायची. एकत्र राहतो म्हणजे, आता आले तर एकत्रच राहणार ना."

"आणि ही पोरगी?"

क्षमा बारा वाजताच्या शाळेसाठी गणवेश घालून मागे उभी होती. सुगंधाने तिला पोटाशी ओढलं आणि खिशावरचा शाळेचा बिल्ला मुठीत झाकला. "गावाच्या शाळेत आहे साहेब. दुसरा फ्रॉक धुतलाय."

क्षमा आईकडे बघत राहिली. तिलाही शिकवून ठेवलं असावं.

साहेबाने काहीतरी टॅबवर मारलं आणि म्हणाला, "चला पुढे."

क्षमा आज शाळेत गेली नाही. गणवेशात वस्तीतून जाताना टीमला दिसली असती.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सुगंधा रोजच्यासारखी बोलते आहे. चहा देते, भाजी काय करू विचारते. मला ते सहन होईना. दुपारी विचारलंच, "चिठ्ठी कुठे आहे?"

"कुठली? ती मतदानाची? ती तर जाळली मी."

"कधी?"

"दशरथभाऊ कागद बघायला येणार होते ना, त्या दिवशी सकाळी. तुम्ही घाईत रेशन कार्डात घुसवलीत तेव्हाच बघितली होती मी. त्यांनी कार्ड उघडलं असतं तर पहिली तीच खाली पडली असती. तीन माणसं होती त्यांच्याबरोबर."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. हे पण रोज म्हणत होते, सांगून टाक तिला. पण तुम्ही फाइल पोटाला बांधून फिरायला लागलात. म्हटलं, मला माहितीय हे कळलं तर यांची झोपच उडेल."

मी विचारलं, "तू का केलंस हे सगळं?"

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "ताई, तुमची खोली गेली असती तर आम्ही कुठे राहिलो असतो? तुमची राहिली तर बिल्डिंग पाडेपर्यंत दोन-तीन वर्षं तरी आम्ही पण राहू. क्षमाची चौथी होईल इथे." मग तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आणि पाच वर्षांत तुम्ही एकदा तरी म्हणालात का, खोली खाली कर म्हणून? यांचं काम सुटून दोन महिने भाडं थकलं होतं तेव्हा पण नाही."

ते मला आठवतही नव्हतं.

मी म्हटलं, "काल मी चुकले गं."

"घाबरलात तुम्ही," ती म्हणाली. "होतं."

लाज वाटली. खूप लाज वाटली. पण तिने इतक्या सहज घेतलं की वाटलं, मिटलं.

१४ मार्च, शनिवार

दीप्तीचे विज्ञानाचे पेपर संपले. बरे गेले म्हणते.

कमिटीच्या ऑफिसबाहेर यादी लागली. एकशे बाराव्या ओळीवर माझं नाव, पुढे 'पात्र'. मी बोट लावून तीनदा वाचलं. मथुराकाकूंना मिठी मारली. दीप्तीला फोन लावला तर ती पलीकडे ओरडली, मग द्रौपदीबाईने फोन घेतला, तीही ओरडली.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: पुढील आठवड्यात फेरतपासणी. दशरथभाऊंनी मला बाजूला घेतलं.

"वहिनी, आता त्या पाहुण्यांना काढा."

"का? झालं ना सगळं?"

"शूटिंगमध्ये तुम्ही काय बोललात? परवा आली, पाहुणी. तीन आठवड्यांनी तीच बाई, तीच पोरगी दारात दिसली तर पाहुणी कसली? जाऊ बोलल्या असतात तर कुटुंब म्हणून राहिली असती, कोण विचारतंय. आता नाही. सोमवारपर्यंत खोली तुमची एकटीची दिसली पाहिजे."

मी घरी आले. सुगंधाला पात्र झाल्याचं सांगितलं. तिने साखर दिली हातावर. पुढचं सांगता आलं नाही. रविवारी सांगू.

१६ मार्च, सोमवार

काल सांगायचं धैर्य झालं नाही. आज सकाळी उठले तर माळ्यावरून पेटी खाली आली होती. दशरथभाऊंनी शनिवारीच रतनला गाठलं होतं. दोन दिवस सुगंधाला माहीत होतं आणि मी सांगेन याची ती वाट बघत होती.

रतनने देवनारला, गाडी लागते त्याच्या मागे, एक खोली बघितली आहे. डम्पिंग ग्राउंडचा वास येतो म्हणे, पण सवय आहे म्हणाला. तो गादी आणि भांड्यांचं गाठोडं घेऊन आधी उतरला. क्षमाची परीक्षा एप्रिलमध्ये. तोपर्यंत देवनारहून ये-जा करता येणार नाही, म्हणून दाखला आत्ताच काढणार.

मी सुगंधाच्या शेजारी बसले. म्हटलं, "हे बघ, आठवड्याचा प्रश्न आहे. फेरतपासणी झाली की परत या. क्षमाचा दाखला काढू नकोस. मी पण जूनपर्यंत गावाला असणार, दार उघडं ठेवायला कोणीतरी पाहिजेच."

बोलून झाल्यावर मला कळलं की यातही मी माझं दारच बघत होते. तिलाही कळलं असेल. तिने दाखवलं नाही. ती कपड्यांच्या घड्या पेटीत ठेवत राहिली.

"आणि परत कोणी आलं तर?" तिने विचारलं. "मला बघितलं, तुम्हाला विचारलं, ही कोण म्हणून?"

"जाऊ," मी म्हटलं. "माझी जाऊ आहे सांगेन. शपथ घेते."

मी लगेच म्हटलं. जरासुद्धा थांबले नाही.

ती हसली. तिच्या हसण्यात राग असता तर मला बरं झालं असतं.

"आता कुठे साहेब उभे आहेत, ताई," ती म्हणाली.

मग तिने पेटीची कडी लावली, एका बाजूने उचलली, आणि दुसऱ्या बाजूने मला धरायला सांगितलं.